मोटार पुसताना रंगावर ओरखडे का पडतात?

एकाच बनावटीच्या दोन काळ्या मोटारी उन्हात शेजारी शेजारी उभ्या आहेत अशी कल्पना करा. एक नवीकोरी, दुसरी तीन-चार वर्षे वापरलेली. नव्या मोटारीच्या टपावर सूर्याचे प्रतिबिंब आरशातल्यासारखे स्वच्छ दिसते. जुनीच्या टपावर मात्र त्याच प्रतिबिंबाभोवती बारीक चकचकीत रेषांचे जाळे दिसते, जणू एखाद्या कोळ्याने सूर्याला मध्ये धरून जाळे विणले आहे. ही मोटार कोठे धडकलेली नसते की कोणी तिच्यावर खिळा ओढलेला नसतो. उलट ती रोज सकाळी धुऊन-पुसून लख्ख केली जाते. आश्चर्य वाटेल, पण बहुतेक वेळा हे जाळे त्या पुसण्यानेच विणलेले असते.

मऊ कापडाने पुसल्यावर ओरखडे पडतातच कसे? आणि पुसायचे नाही तर पाणी तसेच वाळू द्यावे काय? ह्या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधताना कठिनता, दाब, पृष्ठताण, केशाकर्षण, परावर्तन आणि बाष्पीभवन असे तुमच्या पाठ्यपुस्तकातले अनेक धडे एकाच मोटारीच्या टपावर जमा होतात. ते आपण क्रमाने पाहू.

रंगाचा थर किती जाड?

मोटारीचा रंग हा एकच थर नसतो. पोलादी पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा लेप देतात. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा दुसरा लेप, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक असा चौथा थर असतो. आपल्याला दिसणारी चकाकी ह्या चौथ्या थराची. सगळे थर मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रोमीटर भरते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणपणे ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे सगळा रंग मिळून दोन केसांच्या जाडीचा आणि वरचा पारदर्शक थर तर जेमतेम ४० ते ५० मायक्रोमीटरचा.

हा वरचा थर बहुवारिकाचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो. तो उन्हातील जंबुपार किरण शोषून खालच्या रंगाचे रक्षण करतो. गॅरेजमध्ये घासून-पॉलिश करून ओरखडे नाहीसे करतात, तेव्हा ओरखडे भरून येत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा पृष्ठभाग दोन-तीन मायक्रोमीटर झिजवून ओरखड्याच्या तळाशी आणला जातो. एवढ्या पातळ थराला असे झिजवणे किती वेळा परवडेल, ह्याचा हिशेब तुम्हीच करू शकाल. म्हणून ओरखडे काढण्यापेक्षा ते पडू न देणे हेच शहाणपणाचे.

नागपूरची धूळ

कोणता पदार्थ कोणावर ओरखडा काढील हे कठिनतेवर ठरते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस ह्याने १८१२ साली दहा खनिजे चढत्या कठिनतेने लावून एक मापश्रेणी तयार केली. तिच्यात शंखजिरे १ वर, कॅल्साइट ३ वर, फेल्स्पार ६ वर, क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी ७ वर आणि हिरा १० वर आहे. ज्याचा अंक मोठा तो लहान अंकाच्या पदार्थावर ओरखडा काढतो. आपले नख ह्या मापाने सुमारे २.५, तर खिडकीची काच ५.५ च्या आसपास येते. मोटारीवरचा पारदर्शक थर नखाच्याच पंक्तीतला. काचेशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही.

आता धुळीकडे वळू. भूरचनेच्या दृष्टीने नागपूर हे मोठे मौजेच्या जागी वसलेले शहर आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट खडक. हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून बनला. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाईससारखे स्फटिकी खडक आहेत, आणि उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म आहे. ह्या वालुकाश्माच्या थरांना भूशास्त्रात 'कामठी' हेच नाव दिलेले आहे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर ह्या दोघांनी नागपूर परिसरातील खडकांचा व जीवाश्मांचा अभ्यास १८५० च्या दशकातच प्रसिद्ध केला होता.

बेसाल्टचा चुरा झाला की त्यात फेल्स्पारचे कण येतात, कठिनता ६. नाईस आणि वालुकाश्म झिजले की क्वार्ट्झचे कण सुटतात, कठिनता ७. कन्हान नदीची वाळू बांधकामासाठी शहरात येते, तिच्यातही क्वार्ट्झ भरपूर. त्यात कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांतून निघणाऱ्या कोळशाच्या राखेची भर पडते. ही राख सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तिच्यात काचेसारखे बारीक गोल मणी दिसतात. आपली काळी माती मात्र मूळची मऊ असते. तिच्यातील चिकणमातीचे कण रंगाला फारसे इजा करत नाहीत. खरी इजा करतात ते मातीत मिसळलेले वाळूचे कण.

थोडक्यात, मोटारीवर बसलेली धूळ म्हणजे रंगापेक्षा कितीतरी कठीण अशा असंख्य छोट्या हत्यारांचा साठा आहे. जोवर ती नुसती बसून आहे तोवर काही बिघडत नाही. तिला कोणी दाबले आणि ओढले, की मगच ओरखडा पडतो. फडके नेमके हेच करते.

एका कणावर किती दाब?

पुसताना आपण तळहाताने सुमारे दोन किलोग्रॅम वजनाइतका, म्हणजे २० न्यूटन जोर लावतो असे धरू. तळहाताखालील कापडाचे क्षेत्रफळ १५ सेंमी. × १० सेंमी., म्हणजे ०.०१५ चौरस मीटर. दाब = बल ÷ क्षेत्रफळ, म्हणून सरासरी दाब सुमारे १,३०० पास्कल येतो. हवेचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो. त्यापुढे हा काहीच नाही.

पण कापडाखाली धुळीचे कण असतील तर जोर सगळ्या पृष्ठभागावर सारखा वाटला जात नाही. तो कणांच्या टोकांवर एकवटतो. समजा, तळहाताखाली असे २,००० कण आहेत. तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ न्यूटन, म्हणजे एक ग्रॅम वजनाइतका जोर आला. कणाचे टोक ५ मायक्रोमीटर लांब व तितकेच रुंद धरले तर त्याचे क्षेत्रफळ २५ चौरस मायक्रोमीटर. आता दाब काढा: ०.०१ ला ०.००००००००००२५ ने भागायचे. उत्तर येते ४० कोटी पास्कल. हवेच्या दाबाच्या ४,००० पट!

प्लॅस्टिकच्या अशा थराला कायमचा खळगा पडण्यास साधारण २० ते ३० कोटी पास्कल दाब पुरतो. म्हणजे आपण अगदी हलक्या हाताने पुसतो आहोत असे वाटत असताना कणाचे टोक एक-दोन मायक्रोमीटर आत रुतलेले असते, आणि हात पुढे सरकला की मागे नांगरल्यासारखी सरी उरते. कापड कितीही मऊ असो, ते केवळ नांगर ओढणारा बैल आहे. फाळ असतो तो वाळूच्या कणाचा.

रेषा वर्तुळाकारच का दिसतात?

पुसणाऱ्याने हात गोल फिरवला म्हणून ओरखडे गोल पडतात, असा सर्वसाधारण समज आहे. पण सरळ, तिरपे, कसेही पुसले तरी प्रतिबिंबाभोवती वर्तुळेच दिसतात. इतकेच नव्हे तर आपण दोन पावले बाजूला सरकलो तर वर्तुळांचे केंद्रही आपल्याबरोबर सरकते! खरोखरच कोरलेली वर्तुळे अशी चालू लागतील काय?

ह्याचे कारण परावर्तनात आहे. बारीक ओरखडा हा एखाद्या लांब, अरुंद पन्हळीसारखा असतो. त्याच्या वक्र भिंतींवर पडलेला प्रकाश ओरखड्याच्या लांबीशी काटकोनात पंख्यासारखा पसरतो. लांबीच्या दिशेने तो पसरत नाही. म्हणून एखादा ओरखडा आपल्याला चमकताना दिसावा यासाठी तो प्रतिबिंबाकडे जाणाऱ्या रेषेशी काटकोनात असला पाहिजे. आता प्रतिबिंबाच्या केंद्रातून निघणाऱ्या त्रिज्येशी काटकोनात असलेली रेषा म्हणजे काय? वर्तुळाची स्पर्शिका! पृष्ठभागावर सर्व दिशांनी ओरखडे पडलेले असतात. त्यांतले फक्त स्पर्शिकेच्या दिशेचे चमकतात, बाकीचे अंधारात राहतात. अशा असंख्य लहान स्पर्शिका मिळून आपल्या डोळ्याला वर्तुळे भासतात. रात्री रस्त्यावरच्या दिव्याच्या आड झाडाच्या ओल्या फांद्या आल्या तर दिव्याभोवती घरट्यासारखी गोल रचना दिसते, तिचेही कारण हेच.

ह्यातून एक उपयुक्त गोष्ट कळते. पुसताना हात नेहमी एकाच सरळ दिशेने फिरवला, तर चुकून पडलेले ओरखडे एकमेकांना समांतर राहतात आणि प्रकाश ठरावीक दिशेने आला तरच दिसतात. हात गोल फिरवल्यास सर्व दिशांचे ओरखडे तयार होतात आणि मग दिवा कोठेही असो, काही ना काही चमकतेच.

मग पाणी तसेच वाळू द्यावे काय?

पुसण्यात एवढा धोका असेल तर न पुसलेलेच बरे, असे कोणी म्हणेल. विशेषतः नागपूरच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंश सेल्सिअसकडे जातो आणि हवा अतिशय कोरडी असते, तेव्हा मोटार पाच मिनिटांत आपोआप वाळते. पण पाणी उडून जाते, पाण्यातले क्षार उडत नाहीत.

लहान मोटारीचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ८ चौरस मीटर धरा. धुतल्यावर त्यावर सरासरी ०.०५ मिलिमीटर पाणी राहिले, तर एकूण पाणी ०.४ लिटर झाले. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. एवढे क्षार असलेले पाणी वापरले तर प्रत्येक धुण्याला २०० मिलिग्रॅम क्षार टपावर राहतील. नागपूरला नळाने येणारे पाणी मुख्यत्वे पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार बहुधा ह्याहून अधिक असतात. त्यांतील कॅल्शियम बायकार्बोनेटचे पाणी आटताना कॅल्शियम कार्बोनेटमध्ये रूपांतर होते. चहाच्या किटलीत जमणारा पांढरा थर हाच. तो पाण्याने निघत नाही आणि कोरड्या फडक्याने घासून काढावा तर पुन्हा ओरखड्यांचे संकट.

हे क्षार सगळीकडे सारखे पसरले तर इतके खुपले नसते. पण थेंब वाळतो तेव्हा कडेला कडे उमटते. टेबलावर सांडलेल्या चहाच्या डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद असते, हे तुम्ही पाहिलेच असेल. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली कॉफीच्या डागाच्या अभ्यासातून ह्याचे स्पष्टीकरण दिले. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते. तेथे बाष्पीभवन जलद होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी सतत कडेकडे वाहते. जाताना ते आपल्यातले कण कडेला नेऊन टाकते. मोटारीवरच्या पांढऱ्या गोल डागांच्या कडाही अशाच ठसठशीत होतात.

येथे एका गैरसमजाचा निकाल लावू. थेंब भिंगासारखे काम करून उन्हाने रंग जाळतात, असे पुष्कळ जण मानतात. हिशेब करू. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आहे. R त्रिज्येच्या वक्र पृष्ठभागावर समांतर किरण पडले तर ते पाण्यात १.३३ × R ÷ ०.३३, म्हणजे सुमारे ४R अंतरावर एकत्र येतील. पण अर्धगोलाकार थेंबाची उंची R एवढीच! म्हणजे किरण एकत्र येण्याआधीच, एक चतुर्थांश वाटेवर, रंग लागतो. समरूप त्रिकोणांवरून, तेथे किरणांच्या झोताची त्रिज्या मूळच्या तीन-चतुर्थांश राहिलेली असते. त्यामुळे प्रकाशाची तीव्रता १६/९, म्हणजे १.८ पटीपर्यंतच वाढते. शिवाय थेंब पाण्याचाच असल्याने तो पत्र्याला थंडही ठेवतो. हंगेरीतील गॅबर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली पानांवर प्रयोग करून दाखवले, की गुळगुळीत पानांवरचे थेंब उन्हात पान करपवीत नाहीत. पानावरच्या लवेने थेंब उचलून धरला असेल तरच तसे घडू शकते. मोटारीला लव नसते!

तरीही मोटार उन्हात धुऊ नये हा सल्ला योग्यच आहे, फक्त कारण वेगळे आहे. ३० अंशांना पाण्याचा संपृक्त बाष्पदाब ४.२ किलोपास्कल असतो, तर ६० अंशांना सुमारे २० किलोपास्कल. म्हणजे जवळजवळ पाचपट. तापलेल्या टपावर पाणी इतक्या झपाट्याने आटते, की एक बाजू पुसेपर्यंत दुसऱ्या बाजूवर डाग उमटून गेलेले असतात.

पाण्यानेच पाणी काढावे

सारांश, पाणी काढले पाहिजे, पण घासता कामा नये. ह्या कामी पहिला मदतनीस म्हणजे पाणीच.

पाण्याचे रेणू एकमेकांना आकर्षून घेतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि शक्य तितका लहान होऊ पाहतो. हेच पृष्ठताण. २५ अंशांना त्याचे मूल्य मीटरला ०.०७२ न्यूटन असते. मेण लावलेल्या मोटारीवर पाणी अळवावरच्या पाण्यासारखे थेंब-थेंब होऊन राहते, कारण मेणाला पाण्याचे आकर्षण कमी. मोठे थेंब स्वतःच्या वजनाने घरंगळून जातात. लहान थेंब मात्र उभ्या दारावरही चिकटून राहतात, कारण त्यांचे वजन फार थोडे आणि कडेची पकड त्या मानाने मोठी.

ह्या लहान थेंबांना घालवायचे कसे? त्यांच्यावर पिचकारीने जोरात पाणी मारले तर आणखी थेंब उडतात. त्याऐवजी लोट्याने, पृष्ठभागापासून चार बोटांवरून, टपाच्या सर्वांत उंच भागावर पाण्याची संथ धार सोडावी. पाणी अखंड चादरीसारखे पसरते, वाटेतला प्रत्येक थेंब त्या चादरीत मिळून जातो, आणि चादर खाली सरकताना आपल्याबरोबर सगळ्यांना ओढून नेते. मागे राहते ते पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी असते. आणि ह्या सगळ्यात रंगाला कशाचाही स्पर्श झालेला नसतो.

कापडाला पाणी पिऊ द्या

उरलेल्या पाण्यासाठी कापड हवेच. पण ते पुसायला नको, प्यायला हवे.

कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते ते केशाकर्षणाने. कापडातील तंतूंमधल्या फटी म्हणजे असंख्य केशनलिकाच. फटीची त्रिज्या १० मायक्रोमीटर धरली, तर तीत पाणी ओढणारा दाब २ × ०.०७२ ÷ ०.००००१, म्हणजे सुमारे १४,४०० पास्कल येतो. मघाशी आपण हाताने लावलेला सरासरी दाब आठवा: १,३०० पास्कल! म्हणजे कापड स्वतःच्या गुणाने जेवढे ओढते त्याच्या दहावा भागही आपल्या दाबण्यात नाही. दाबल्याने पाणी अधिक शोषले जात नाही, फक्त कण अधिक खोल रुततात. म्हणून कापड नुसते ठेवावे, हलकेच थोपटावे आणि उचलून घ्यावे.

कापड कोणते? विदर्भ हा कापसाचा मुलूख. जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल काढली ती नागपुरातच, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही १९७६ पासून येथेच आहे. कापसाचा तंतू १२ ते २० मायक्रोमीटर रुंद असतो. तो सेल्युलोजचा असल्याने पाणी त्याला सहज चिकटते. मात्र नव्या कापडाला खळ असते, ती धुतल्याशिवाय ते पाणी पीत नाही. म्हणून अनेकदा धुतलेला जुना पंचा नव्या कापडापेक्षा बरा. फक्त त्याची शिवण, बटण किंवा दुमडलेली कडक कड रंगाला लागता कामा नये.

अलीकडे 'मायक्रोफायबर' नावाची कापडे मिळतात. ९,००० मीटर लांब तंतूचे वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी भरेल इतका तो बारीक असतो, म्हणजे १० मायक्रोमीटरहूनही कमी जाड. जपानमधील तोरे कंपनीच्या मियोशी ओकामोतो ह्यांनी १९७० साली अशा तंतूंचे कापड प्रथम यशस्वीपणे बनवले. तंतू जितके बारीक तितक्या फटी अरुंद आणि ओढ जास्त. शिवाय उंच लव असलेल्या कापडात एखादा चुकार कण आला तर तो लवेत खोल शिरतो आणि रंगावर घासला जात नाही. परंतु कण धरून ठेवण्याचा हा गुण दुधारी आहे. असे कापड एकदा जमिनीवर पडले, की ते धुतल्याखेरीज वापरायचे नाही.

ज्याच्याशी सावध राहावे ते साधन म्हणजे रबरी पट्टी. खिडकीच्या काचेवर ती छान चालते, पण तिच्याखाली एक कण सापडला की त्याला सुटायला वाव नसतो. पट्टी तो टपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेते.

बादलीच्या तळाशी

आपल्या शहरांत पहाटे उठून एकामागून एक पंधरा-वीस मोटारी पुसून पोट भरणारी माणसे आहेत. हाती एक बादली, खांद्यावर एक फडके. पहिल्या मोटारीची वाळू फडक्यातून बादलीत आणि बादलीतून दुसऱ्या मोटारीवर जाते. काही महिन्यांनी मालक म्हणतो, "रंग खराब केलास," आणि बोल त्या कष्टाळू माणसाला लागतो. त्याचा हात जड नसतो, त्याला फक्त एक बादली कमी पडत असते.

स्टोक्सने १८५१ साली मांडलेला नियम येथे कामी येतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर वेगाने खाली जातो. म्हणजे २५ सेंमी. खोल बादलीचा तळ तो अर्ध्या मिनिटात गाठतो. वेग त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे १० मायक्रोमीटरच्या कणाला मात्र त्यासाठी पाऊण तास लागेल. ह्याचा अर्थ, फडके खळबळून पिळल्यावर बादली अर्धा मिनिट स्थिर ठेवली आणि पुढच्या वेळी ते तळापर्यंत न बुडवता वरच्याच पाण्यात बुडवले, तर सर्वांत घातक कण परत येत नाहीत. एक बादली फडके खळबळण्यासाठी व दुसरी स्वच्छ पाण्याची ठेवली तर आणखी उत्तम. पाणी पुसण्याचे कापड धुण्याच्या कापडापासून वेगळे हवे, हे तर ओघानेच आले.

पाणी किती वापरावे?

साध्या रबरी नळीतून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सहज वाहते. वीस मिनिटे ती उघडी ठेवली तर २०० ते ३०० लिटर गेले. २०१९ च्या जुलैत पावसाने ओढ दिल्यामुळे पेंच प्रकल्पाचा साठा घटला आणि नागपूरकरांना काही काळ एक दिवसाआड पाणी मिळाले. अशा शहरात चकाकीसाठी इतके पाणी सांडणे शोभणारे नाही. सुदैवाने ओरखडे टाळण्यास फार पाणी लागतही नाही, क्रम मात्र पाळावा लागतो.

१. मोटार सावलीत उभी करावी व पत्रा थंड होऊ द्यावा.
२. लोट्याने वरून खाली पाणी ओतून धूळ दोन-तीन मिनिटे भिजू द्यावी. वाळलेला चिखल फुगून सुटा होतो.
३. मऊ कापडाने व सौम्य साबणाने, सरळ दिशेने, वरून खाली धुवावे. खालच्या भागावर वाळू सर्वांत जास्त असते, म्हणून तो शेवटी.
४. संथ धारेने पाण्याची चादर सोडावी.
५. कोरडे, स्वच्छ कापड पसरून पाणी टिपावे. एक बाजू भिजली की घडी पालटावी.

ह्या सर्वांना तीन बादल्या पुरतात. आणि केवळ धूळ बसली असेल तर कोरडे फडके मारण्यापेक्षा मोटार आणखी दोन दिवस धुळकट राहिलेली बरी!

करून पाहा

(१) स्वयंपाकघरातील जुने स्टीलचे ताट अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. आता डोके हलवा, वर्तुळांचे केंद्र कोठे जाते ते पाहा. मग ताटावर एका बोटाने खूण करून तेथील एखादा ओरखडा भिंगातून तपासा. तो खरोखर गोल आहे काय?

(२) निरुपयोगी झालेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फूटपट्टीच्या दोन भागांवर रस्त्यावरची धूळ टाका. एक भाग कोरड्या कापडाने पुसा. दुसऱ्यावरील धूळ आधी पाण्याने वाहवून टाका व मग टिपून घ्या. दोन्ही भाग उन्हात धरून तुलना करा.

(३) काचेच्या पट्टीवर नळाच्या, विहिरीच्या आणि बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्याचा एकेक थेंब ठेवून वाळू द्या. कडी कोणत्या थेंबांची उमटतात? त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकल्यास काय होते?

(४) नवे कोरे सुती कापड, जुना पंचा, टॉवेल आणि मायक्रोफायबर ह्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या टांगून त्यांची खालची टोके एक सेंटिमीटर पाण्यात बुडवा. पाच मिनिटांत पाणी किती वर चढते ते मोजून तक्ता करा.

शिक्षकांनी हा चौथा प्रयोग वर्गात गटांनी करून घ्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, जमल्यास तुमच्या गल्लीत मोटारी पुसणाऱ्या काकांना पहिला व दुसरा प्रयोग दाखवा, आणि आपल्या घरची एक जुनी बादली त्यांना देऊन या.